जुनी छापील चित्रं जमवायची तर आधी खालचा काठ वाचा

वाडा पाडायला काढला की सगळ्यात आधी तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात, मग लाकडी पेट्या, आणि अगदी शेवटी भिंतीवरच्या तसबिरी. भांड्यांचं वजन होतं, लाकडाचा भाव ठरलेला असतो. तसबिरीपाशी मात्र सगळे घुटमळतात. देवाची आहे म्हणून टाकवत नाही, काच फुटलेली म्हणून लावताही येत नाही. कुणीतरी म्हणतं, ‘रविवर्म्याची दिसतेय, लाखात जाईल.’ आणि संध्याकाळपर्यंत दुसरंच कुणी ती दोनशे रुपयांना भंगारवाल्याला देऊन मोकळं झालेलं असतं. किंमत दोघांनीही चुकीची लावली, कारण चित्राच्या खालच्या काठावरची बारीक ओळ दोघांपैकी कुणीच वाचली नाही.

मी गेली सतरा वर्षं ही शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं जमवते आहे. नव्यानं या नादाला लागणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: खरं कसं ओळखायचं, किती द्यायचे, घरी आणल्यावर काय करायचं. त्यांच्यासाठी मी स्वतः ज्या क्रमानं जाते त्याच क्रमानं लिहिते.

पहिली पायरी: छापखाने ओळखा

बाजारात देवाच्या कुठल्याही जुन्या चित्राला ‘रविवर्मा’ म्हणतात. तुम्ही तसं म्हणायचं नाही. ‘हे कुणी काढलं’ आणि ‘हे कुणी छापलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या कामाचा दुसरा आहे.

आपल्याकडची ही गोष्ट पुण्यात सुरू होते. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली. पुढे टिळकांचे सहकारी वासुकाका जोशी यांनी ती चालवली. रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस अशी चित्रं तिथून घराघरांत गेली. त्याच 1878 साली तिकडे बंगालमध्ये कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू झाला. म्हणजे रविवर्मा या धंद्यात उतरले त्याच्या 16 वर्षं आधीपासून आपल्या भिंतींवर छापील देव होते. नवे संग्राहक चित्रशाळेकडे दुर्लक्ष करतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. साध्या कागदावरची ही चित्रं फार कमी उरली आहेत, आणि मराठी घरात ती सापडण्याची शक्यता अजूनही इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त आहे.

राजा रविवर्म्यांचा जन्म 1848 चा, केरळातल्या किळिमानूरचा. आपली चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, अशी सूचना त्यांना केली होती सर टी. माधवरावांनी. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले. रविवर्म्यांनी चित्रं बाहेर पाठवण्याऐवजी छापखानाच इथे आणला. 1894 मध्ये मुंबईत, गोवर्धनदास मखनजी यांच्या भागीदारीत, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून काम सुरू झालं. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग मुंबईत प्लेग आला, आणि 1899 च्या सुमारास छापखाना लोणावळ्यापुढच्या मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांजवळ गेला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकला. पुढे सिनेमावाले झालेले दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी फोटोलिथोचं, म्हणजे फोटोच्या मदतीनं दगडावर चित्र उतरवण्याचं, काम केलं होतं. रविवर्मा 1906 मध्ये वारले. छापखाना मात्र त्यांच्याच नावानं अनेक दशकं चालत राहिला. 1972 मध्ये तिथे आग लागली आणि बरंच काही जळालं.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की श्लायशर यांच्या हाती गेल्यावर छापखान्यानं इतर चित्रकारांचीही चित्रं छापली. मूळचे कोल्हापूरचे, जे. जे. मध्ये शिकून तिथेच शिकवणारे म. वि. धुरंधर त्यांतले एक. तेव्हा काठावर ‘रविवर्मा प्रेस’ दिसलं म्हणून चित्र रविवर्म्यांचं ठरत नाही. उलट, रविवर्म्यांच्या गाजलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या नकला इतर छापखान्यांनी सर्रास काढल्या, काही तर जर्मनीत छापून आणल्या. चित्र रविवर्म्यांचं, पण छाप त्यांच्या छापखान्याची नाही, असंही होतं. दोन्ही प्रकार जमवण्याजोगे आहेत. फक्त आपण काय घेतोय हे कळून घ्यावं.

सुरुवातीला एकच गल्ली धरा. एक छापखाना, किंवा एक विषय: फक्त दत्त, फक्त शकुंतला, फक्त ऐतिहासिक चित्रं. मी तीन वर्षं नुसत्या सरस्वती बघत होते. एकाच चित्राचे पाच वेगवेगळे छाप शेजारी शेजारी ठेवले की डोळा जितका तयार होतो, तितका पन्नास वेगळी चित्रं घेऊन होत नाही. खिशाला परवडत नसेल तर मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांच्या चित्रांची जुनी कॅलेंडरं बघा. ती नंतरच्या काळातली, ऑफसेटवर, म्हणजे दगडाऐवजी धातूच्या पत्र्यावरून छापलेली आहेत, बरीच मिळतात, आणि त्यांत चुकलात तरी फार नुकसान होत नाही.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधी डोळा भरून बघा

मूळ तैलचित्रं कशी आहेत हे एकदा पाहून या. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि फतेसिंहराव संग्रहालय, म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा दालन, आणि आपल्या साताऱ्यातलं औंधचं श्रीभवानी संग्रहालय. औंधच्या टेकडीवर पोचायला थोडा त्रास पडतो. पडू द्या. मूळ चित्रातली साडी पाहिली की छापात ती दगडावर उतरवणाऱ्या कारागिरानं काय राखलं आणि काय सोडलं, ते आपोआप दिसायला लागतं. बंगळूरच्या राजा रविवर्मा हेरिटेज फाउंडेशननं छापील चित्रांच्याही चांगल्या प्रतिमा इंटरनेटवर ठेवल्या आहेत. त्या मोठ्या करून काठासकट बघा.

तिसरी पायरी: भिंग

दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं भिंग घ्या. यापेक्षा उपयोगी हत्यार या छंदात नाही.

शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईनं काढलेली आकृती. ओल्या दगडावर छपाईची शाई फिरवली की ती तेलकट जागीच धरते, बाकीची जागा पाणी राखतं. एका चित्राला असे दहा-बारा किंवा त्याहून जास्त दगड लागायचे, आणि कागद तितक्या वेळा यंत्राखालून जायचा. त्वचेची छटा मिळावी म्हणून कारागीर हातानं ठिपके द्यायचा. एकेक ठिपका माणसाच्या हातचा.

भिंग चेहऱ्यावर धरा, गालापाशी. शिळाछाप असेल तर गुलाबी, पिवळट, फिकट तपकिरी असे लहानमोठे, विस्कटलेले ठिपके दिसतील, कुठे दाट कुठे विरळ, त्यांना ओळ नाही. ऑफसेट असेल तर ठिपके कवायतीत उभे असतात: निळा, लाल, पिवळा, काळा, चौघांची ठरलेल्या अंतरावर फुलासारखी नक्षी. हल्लीच्या प्रिंटरवर काढलेली प्रत असेल तर फवारा मारल्यासारखे बारीक कण दिसतात, आणि काळ्या रेघेच्या कडेलाही रंगीत कण सापडतात. शिळाछापातली काळी रेघ निव्वळ काळी असते.

मग भिंग डोळ्याच्या बुबुळावरून साडीच्या किनारीवर न्या. तिथे एखादा रंग रेघेच्या केसभर बाहेर गेलेला दिसला तर आनंद माना. दगड बदलताना कागद किंचित सरकला, त्याची ती खूण. माझ्याकडच्या एका सरस्वतीच्या मोराला मानेपाशी निळ्याची अशी एक कड बाहेर आलेली आहे. साध्या डोळ्यांना तो मोर नुसता चमकतो. भिंगातून बघितलं की मळवलीच्या त्या यंत्रावर कागद सरळ करणारा हात दिसतो.

एक सावधगिरी सांगते. कवायती ठिपके दिसले म्हणजे चित्र खोटं, असं नाही. विसाव्या शतकात जाळीच्या ठसेछपाईची चित्रंही खूप निघाली, ती खरीच जुनी आहेत. ती शिळाछाप नाहीत, इतकंच. शिळाछाप म्हणून कुणी विकत असेल तरच भांडायचं.

सोबत अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च ठेवा. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. अंधारात टॉर्च मारली की असा कागद निळसर पांढरा झळकतो. शंभर वर्षांचा कागद मंद, मळकट राहतो. टॉर्च काठावर किंवा मागच्या बाजूला मारा, कारण पुढे वार्निश असेल तर त्याची स्वतःची हिरवट चमक येते.

हे वार्निशही ओळखीची खूण आहे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून छापावर वार्निश चढवत, काही वेळा कागदावर कॅनव्हाससारखी जाळीही दाबून उठवत. अशा चित्राला ओलिओग्राफ म्हणतात. वार्निश जुनं झालं की मधासारखं पिवळं पडतं आणि त्याला बारीक भेगा जातात. पिवळेपणा सगळीकडे अगदी सारखा असेल तर शंका घ्या. खरी तसबीर चौकटीच्या ओठाखाली कमी पिवळी असते, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो.

चौथी पायरी: खालचा काठ

आता चित्राच्या खाली या. पांढऱ्या किंवा पिवळट पडलेल्या काठावर साधारणपणे तीन-चार गोष्टी असतात: चित्राचं नाव, छापखान्याचं नाव आणि गाव, कधी क्रमांक, कधी हक्क राखून ठेवल्याची इंग्रजी ओळ. रविवर्मा छापखान्याच्या सुरुवातीच्या छापांवर मुंबईचा उल्लेख येतो, नंतरच्यांवर ‘कार्ला, लोणावळा’. नुसत्या या एका शब्दावरून चित्र छापखान्याच्या कुठल्या काळातलं ते ठरवता येतं, आणि त्यावर किंमत हलते. चित्रशाळेच्या चित्रांवर पुण्याचं नाव येतं, इंग्रजीत असेल तर जुन्या स्पेलिंगनं.

काही चित्रांवर ‘अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई’ असं दिसेल. हे चित्रांचे मोठे विक्रेते. विक्रेता वेगळा, छापणारा वेगळा; वहीत दोन्हींची नोंद वेगवेगळी करा. बोल्टन फाइन आर्ट लिथो हेही मुंबईचं नाव काठावर बरेचदा भेटतं.

चित्राच्या आत कोपऱ्यात दिसणारी रविवर्म्यांची सही ही मूळ चित्रातली सही आहे, दगडावरून छापलेली. ती हातानं केलेली नव्हे. ‘सही केलेलं चित्र’ म्हणून जास्त पैसे मागितले तर नमस्कार करून पुढे चला.

काठ बहुतेक वेळा कापलेला सापडतो. बाजारातल्या तयार चौकटीत बसवायला लोक चित्र सरळ कापत. माझीही एक जखम आहे. कोल्हापुरातल्या एका जुन्या घरातून धुरंधरांच्या शैलीचं एक मोठं चित्र मिळालं होतं, चारही काठ शाबूत, खाली पूर्ण ओळ. नव्या काचेसाठी मी ते फ्रेम करणाऱ्याकडे दिलं. चार दिवसांनी सुंदर चौकट हातात आली आणि खालचा पाऊण इंच नाहीसा झालेला. ‘ताई, ते पिवळं पडलं होतं, कापून साफ केलं.’ त्याच्या हिशेबानं त्यानं चांगलंच काम केलं होतं. तेव्हापासून मी चित्र टाकून येत नाही, समोर बसून चौकट करून घेते, आणि चित्राच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहिते: ‘कापू नये’.

पाचवी पायरी: पाठ

तसबीर उलटी करा. विकणाऱ्यानं उलटी करू दिली नाही तर घेऊ नका.

जुन्या चौकटीला मागे लाकडाच्या पातळ फळ्या असतात, दोन किंवा तीन, त्यांच्या फटीत धूळ. खिळे गंजलेले, आणि गंजाचा डाग लाकडात उतरलेला. कधी फळीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. त्यावरची तारीख वाचा, पण ती चौकटीची तारीख आहे, चित्राची नव्हे. जुन्या फळ्यांवर खिळे मात्र चकचकीत असतील तर चौकट अलीकडे उघडलेली आहे. ती का उघडली, ते विचारा. सध्याची सगळ्यात मोठी फसवणूक हीच आहे: चौकट खरी शंभर वर्षांची, काच जुनी, लहरी असलेली, आणि आत गेल्या वर्षी छापलेलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं चित्र. फळ्यांच्या फटींतून हवा आणि धूळ जाऊन जुन्या कागदाच्या पाठीवर तपकिरी पट्टे उमटतात, अगदी फळ्यांच्या सांध्यांच्या रेषेत. चहा असे पट्टे पाडू शकत नाही.

रविवर्म्यांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. नव्या प्रती छापणं कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो नवी प्रत जुनी म्हणून विकण्याचा.

सहावी पायरी: प्रकृती तपासा

उजेडात, काचेबाहेर, तिरकं धरून बघा. पाणी लागल्याची तपकिरी लाट, बुरशीचे ठिपके, कसरीनं खरवडलेला रंग, वाळवीची वाट, घड्यांवर तुटलेला कागद. पाठीला पुठ्ठा चिकटवला आहे का? लॅमिनेशन केलं आहे का? लॅमिनेशन केलेलं चित्र मी फुकटही घेत नाही, ते परत सोडवता येत नाही.

कुंकवाचे आणि हळदीचे डाग मात्र वेगळे. पूजेत असलेल्या लक्ष्मीच्या कपाळावर किंवा पायाशी ते असणारच. बाजार त्याचे पैसे कापतो. मी तो डाग कधी काढत नाही. कुणा आजीनं वर्षानुवर्षं रोज लावलेलं बोट आहे ते.

काही चित्रांवर जरी, टिकल्या, मणी, कापडाची खरी साडी चिकटवलेली असते. हा त्या काळचा घरोघरचा हौसेचा प्रकार, आणि आता अशा चित्रांचे खास संग्राहक आहेत. जरी जुनी असेल तर काळवंडलेली असते आणि तिच्याखालचा रंग उजेड न लागल्यामुळे ताजा असतो. जरी झगझगीत असेल आणि तिच्याखालचा रंग आजूबाजूइतकाच उडालेला असेल, तर सजावट नंतरची आहे.

सातवी पायरी: किंमत

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात.

संकेतस्थळावर कुणी काय मागतं, त्याला किंमत म्हणत नाहीत. विक्री झाली ती किंमत. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे आकडे बघायला मिळतात. तेच चित्र, तोच छापखाना, जवळपास तोच आकार, अशा किमान तीन विक्री शोधा आणि लिहून ठेवा. लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराचं कमिशन आणि कर वेगळा चढतो; काही ठिकाणी आकडा तो धरून दिलेला असतो, काही ठिकाणी नाही. तळटीप वाचल्याशिवाय तुलना करू नका. आणि मूळ तैलचित्राला कोटींत बोली लागल्याची बातमी वाचून छापील चित्राचा अंदाज बांधू नका. नाव एक असलं तरी वस्तू दोन आहेत.

तीन आकडे मिळाले की मी माझं मोजमाप लावते. पूर्ण काठाचं, रंग शाबूत, दुरुस्ती नसलेलं चित्र 100 धरते. छापखान्याची ओळ कापली गेली असेल तर 60. काठ आहे पण पाण्याची लाट चित्राच्या आत शिरलेली असेल तर 50. चेहऱ्यावर किंवा हातावर नुकसान असेल तर 30, मग बाकी चित्र कितीही स्वच्छ असो, कारण बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, वर्षभरात तुमचे तुम्हाला सापडतील.

दुर्मीळता आणि मागणी वेगवेगळ्या मोजा. लक्ष्मी आणि सरस्वती अमाप छापल्या गेल्या, म्हणून त्या जास्त उरल्या. पण मागणीही त्यांनाच, म्हणून भाव टिकून राहतो. एखादं ऐतिहासिक व्यक्तीचं चित्र वर्षात एकदा दिसतं, पण घेणारे तिघेच असतात. आकारानंही फरक पडतो. 14 बाय 20 इंचांच्या आसपासचा आकार नेहमी भेटतो, 20 बाय 28 च्या आसपासचा कमी. मोठ्या चित्रांना जागा लागते, ती आधी फाटतात.

घरचं चित्र विकायला निघालात तर दुकानदार देतो ती रक्कम आणि तो विकतो ती रक्कम यांत मोठं अंतर असणार. त्याचं भाडं, त्याचं वर्षभर अडकलेलं भांडवल त्यात आहे. दोन-तीन ठिकाणी विचारा, काठाचा आणि पाठीचा फोटो दाखवा, आणि पहिल्याच दिवशी हो म्हणू नका.

आठवी पायरी: कुठे शोधायचं

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट. पक्की दुकानं बघायची तर शुक्रवार सोडून जा. दक्षिणेत चेट्टिनाडच्या कारैकुडीत जुन्या हवेल्यांतून निघालेल्या तसबिरींची दुकानं आहेत, तिथे रविवर्मा छापखान्याची चित्रं अजून दिसतात. पण माझी सगळ्यात चांगली चित्रं घरांतून आली आहेत. नातेवाइकांना सांगून ठेवा, वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराला सांगून ठेवा, गावच्या पुजाऱ्यांना सांगून ठेवा.

घरातून घेताना एक नियम पाळा. चित्राची खरी किंमत तुम्हाला माहीत आहे आणि समोरच्या आजींना नाही, हे गृहीत धरून व्यवहार करू नका. काठावर काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा, मगच आकडा बोला. मी असं करून दोन चित्रं गमावली, त्या घरांनी विकायचीच नाहीत असं ठरवलं. ती आता पुन्हा भिंतीवर आहेत, आणि मी कधीही जाऊन बघू शकते.

दुकानात मात्र घासाघीस जरूर करा. चूक दाखवून भाव पाडा, चित्राला नावं ठेवून नव्हे. ‘काठ कापलाय, डाव्या कोपऱ्यात ओल आहे’ एवढं बोललं की दुकानदाराला कळतं समोर कोण उभं आहे.

कायद्याची एक गोष्ट, विशेषतः अमेरिका-इंग्लंडातल्या मराठी मंडळींसाठी

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा, लागू झाला 1976 मध्ये. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा छापखान्याची सुरुवातीची बरीचशी चित्रं आता या वयाची झाली आहेत. त्यातून रविवर्म्यांच्या कलाकृती 1979 पासून राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर आहेत. तेव्हा आजीची तसबीर सुटकेसमध्ये कपड्यांखाली घालून नेऊ नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करा. चित्र नंतरच्या काळातलं असेल तर ते पुरावस्तू नाही असा दाखला तिथून मिळवता येतो. नाहीतर चित्र इथल्याच भावंडाच्या भिंतीवर राहू द्या.

नववी पायरी: घरी आल्यावर

पहिला महिना काहीही करू नका. इतर कागदांपासून दूर, कोरड्या जागी उभं ठेवा आणि कीड आहे का ते बघत राहा. चौकटीखाली पांढरा कागद अंथरा. त्यावर रोज भुसा पडत असेल तर लाकडात किडा जिवंत आहे.

चिकटपट्टी, फेविकॉल, ओलं फडकं, खोडरबर: चारही वर्ज्य. काचेवर द्रव फवारू नका, ते खाली ओघळून चौकटीत शिरतं आणि काठ भिजवतं. फडक्यावर घेऊन काच पुसा. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका. फाटलेला कागद जोडायला जाणकार गव्हाच्या खळीचा आणि जपानी पातळ कागदाचा वापर करतात, कारण ते पुढे पाण्यानं सोडवता येतं. हे काम शिकलेल्या माणसाकडेच द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-जतन केंद्र आणि वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या प्रयोगशाळा अशा कामासाठी आहेत.

नवी चौकट करायची तर आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायचा पुठ्ठा, मागा, आणि चित्र व काच यांच्यात अंतर ठेवायला सांगा. जुन्या फळ्यांतलं आम्ल कागदाला आतून जाळत असतं, म्हणून त्या बदला, पण फेकू नका. त्यांवर काही लिहिलेलं असेल तर त्या चित्राच्याच मालकीच्या आहेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. आतल्या भिंतीवरही चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागे हवा खेळेल. ऊन थेट पडेल अशी जागा टाळा. लाल आणि गुलाबी आधी उडतात, आणि एकदा उडालेला गाल परत येत नाही.

दहावी पायरी: वही

ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक चित्राला एक पान द्या. त्यात काठावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट, उतरवा. माप काठासकट आणि काठाशिवाय घ्या. फोटो चार हवेत: पुढून, पाठीमागून, काठाचा जवळून, आणि भिंगातून एक. कधी, कुठून, कितीला घेतलं तेही लिहा. आणि ज्यांच्या घरातून आलं त्यांनी सांगितलेलं सगळं, त्यांच्याच शब्दांत.

माझ्या वहीतलं बाविसावं पान असं आहे: ‘लक्ष्मी. काठावर कार्ला, लोणावळा. काठ तीन बाजूंनी पूर्ण, वरचा कापलेला. उजव्या पायाशी कुंकू. पाठीला तीन फळ्या, मधलीवर शिसपेन्सिलीनं आकडे, बहुधा वाण्याचा हिशेब. वाईच्या घरातून. आजी म्हणाल्या: सासूबाईंनी लग्नात आणलेली, दर शुक्रवारी काच मीच पुसायची, तिच्या हातातलं कमळ खिडकीकडे असायला हवं.’ ती तसबीर आता माझ्या मधल्या खोलीत आहे. खिडकी तिच्या उजव्या हाताला येईल अशी भिंत मी निवडली आहे, आणि खिडकीला जाड पडदा लावला आहे.